दुसरी सही

सुलक्षा त्या दिवशी निबंधक कार्यालयात गेली ती 'नाही' म्हणायलाच. घरी ओसरीवर म्हणून झालं होतं, परदेशातल्या मुलाला फोनवर सांगून झालं होतं. पण सरकारी टेबलासमोर म्हटलेल्या 'नाही'ला वजन असतं, आणि गोव्यात बायकोच्या 'नाही'ला तर फारच. नवऱ्याच्या नावावरची वीतभर जमीनसुद्धा बायकोच्या सहीवाचून विकता येत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जमिनी घ्यायला बाहेरून आलेले लोक हे ऐकून आधी हसतात आणि मग वकिलाकडे धावतात.

विकायचं होतं ते कुळागर. फणसूळ गावच्या उतारावरून थेट ओहोळापर्यंत उतरत गेलेली सुपारी-नारळाची बाग, मधे केळी, मिरवेली, जायफळं, आणि या सगळ्यांतून वळणं घेत जाणारं पाटाचं गार पाणी. बाग आली होती नवरा गुरुदासच्या वडिलांकडून, पण सून होऊन आल्यापासून सुलक्षाने तिथे सारा जन्म घालवला होता. कुठल्या माडावर माकडं आधी चढतात आणि कुठल्या कोपऱ्यात पाणी पोचायला उशीर होतो, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण आता सन २०४३ चे उन्हाळे असे तापले होते की किनाऱ्यावर दुपारी माणूस उभा राहत नव्हता. तिथली हॉटेलं सावली शोधत डोंगराकडे सरकली होती, आणि त्यांतल्या एका कंपनीला फणसूळचा गारवा हवा होता. झाडं ते ठेवणार होते. माणसं तेवढी नको होती.

गुरुदास मुलखाचा अबोल. 'विकून टाकू' एवढं तो म्हणाला होता, का ते सांगितलं नव्हतं. त्याच्या वाटचं सगळं बोलायचं काम त्याचा चुलतभाऊ दिगंबर करत असे, कारण जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थी हाच त्याचा धंदा होता. तोही आज सोबत आला होता.

उपनिबंधक एस्परांस फर्नांडिस यांनी कागद पुढे ओढले आणि टेबलावरच्या यंत्राला दाखवले. त्या यंत्राचं नाव 'उगम'. त्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली. बाईंनी ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

"सुलक्षाबाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "या विक्रीला तुमची सही लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? मी बायको ना यांची?"

"तेच तर. कायद्याने तुमचं लग्न अर्धंच झालंय."

सुलक्षा मोठ्याने हसली. "मॅडम, माझा मुलगा लिस्बनला इंजिनिअर आहे!"

"मुलगा पूर्ण आहे गो बाय. लग्न अर्धं आहे."

गोव्यातलं कायद्याचं लग्न दोन सह्यांचं असतं. पहिली सही म्हणजे 'आम्ही लग्न करणार' हे सांगणं. मग नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर येऊ द्या म्हणून. काही दिवसांनी दुसरी सही करायची, आणि ती झाली की लग्न झालं. देऊळ, चर्च, बॅंड, जेवणावळ हे सगळं तुमच्या हौसेचं. सुलक्षा आणि गुरुदासची दुसरी सही कुठेच नव्हती.

कुठे नव्हती ते दोघांनाही एकाच क्षणी आठवलं. देवळातलं लग्न उरकलेलं, अंगावरची हळद अजून गेलेली नाही, आणि दुसऱ्या सहीला दोघं नटूनथटून तालुक्याला आली तर कार्यालयाला कुलूप. सायबाचं, म्हणजे सेंट झेवियरचं फेस्त! तीन डिसेंबर! सगळ्या गोव्याला सुट्टी, आणि सहीची तारीख ठरवताना ती गोष्ट या दोघांच्या डोक्यातच आली नव्हती. एवढे चांगले कपडे घातलेत तर वाया कशाला घालवायचे, म्हणून दोघं बसमध्ये बसून जुन्या गोव्याला फेस्तात गेली, दिवसभर फिरली, आलं घातलेलं गोड खाजं खाल्लं. 'सही पुढच्या सोमवारी करू,' गुरुदास म्हणाला होता. तो सोमवार काही उजाडला नाही. पुढे जिथे तिथे पहिल्या सहीचाच कागद दाखवून कामं भागली आणि कुणी तो नीट वाचलाही नाही.

"म्हणजे गुरुदा एकटाच विकू शकतो?" दिगंबरने विचारलं. आवाजातला आनंद लपवायचा प्रयत्न त्याने केला, पण तो काही जमला नाही.

"कायद्याने, होय," एस्परांसबाई म्हणाल्या.

सुलक्षाने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुदास स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

*

उगमविषयी दोन शब्द सांगायला हवेत. हे यंत्र एका जनुकशास्त्रज्ञ बाईंच्या आणि जुन्या लिप्या वाचणाऱ्या एका गृहस्थांच्या गप्पांतून जन्मलं. पेशी आपल्या जनुकांची नक्कल करते तेव्हा बारीक चुका होतात, आणि त्या चुका पुढच्या पिढ्यांत उतरतात. दोन जिवांत एकच चूक सापडली की त्यांचा पूर्वज एक, असं मानायला जागा असते. गृहस्थ म्हणाले, अहो, कायद्याचंही असंच आहे! एका देशाने दुसऱ्याचं कलम उचललं, भाषांतर करणाऱ्याने एक अट गाळली, कारकुनाने एक शब्द जास्तीचा घातला. ती गळती आणि ती भर पुढच्या सगळ्या नकलांत टिकून राहते. मग त्या दोघांनी यंत्राला शतकानुशतकांचे कायदे, निवाडे, फर्मानं आणि गावकीचे ठराव वाचायला दिले, पोर्तुगीजमधले, मोडीतले, कानडीतले, फारसीतले, इंग्रजीतले. शिवाय आजही गावोगावी लोक वाटणी कशी करतात, पाणी कसं सोडतात, मासळीचा हक्क कसा देतात, हे ध्वनिमुद्रित करून ऐकवलं. चालीरीतीही गावागणिक थोड्या बदलतात, आणि त्या फरकांवरून मूळ चाल किती जुनी असेल याचा अंदाज बांधता येतो. उगम प्रत्येक नियमाची वंशावळ सांगू लागला, आणि एक नियम काढला तर त्यावर टेकलेले दुसरे कुठले कोसळतील तेही.

गोव्याला तर त्याची फारच गरज होती. इथलं साधं विक्रीखत घेतलं तरी विहीर खणताना दिसतात तसे थर दिसायचे. खाली रोमन पंडितांचे विचार, त्यावर फ्रान्सची छाप पडलेली पोर्तुगालची १८६७ ची संहिता, हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली काढलेलं वेगळं फर्मान, बाजूने आलेला इंग्रजी वळणाचा करार आणि पुराव्याचा कायदा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर भारताची राज्यघटना. आधी हे थर उलगडायला वकिलांच्या पिढ्या खपायच्या. आता उपनिबंधकाच्या टेबलावर ते चहा निवण्याआधी कळत होते.

पण माणसाला आपल्या वस्तूचं मूळ कळलं की तो गप्प बसत नाही. कायद्यांच्या वंशावळी बाहेर पडल्या आणि 'हा आपला, तो परका' अशी नवीच भांडणं सुरू झाली. सभा झाल्या, मोर्चे निघाले. परकं कलम काढून टाका, शुद्ध तेवढं ठेवा, अशी एक टूम निघाली. शुद्ध म्हणता येईल असं एकही कलम उगमला आजवर सापडलेलं नाही, ही गोष्ट मात्र मोर्चेवाल्यांच्या कानांवर गेली नसावी.

*

दिगंबरच्या कानांवर टूम तेवढी गेली होती. दुसऱ्याच दिवशी तो ओसरीवर येऊन बसला. "वैनी, राग मानू नका, पण बायकोच्या अर्ध्या वाट्याचं ते कलम मुळात आपलं नव्हेच. पाखल्यांचं ते. उगमच सांगतो. परक्याने दिलेल्या हक्कासाठी घरात भांडण कशाला?"

पाखले म्हणजे पोर्तुगीज. सुलक्षाने हातातली सुपारी सुपात टाकली. "दिगंबर, काजू कुणी आणले?"

"काजू?"

"पाखल्यांनी. अननस? मिरची? तू रोज सकाळी चहात बुडवतोस तो पाव? उद्यापासून मिरचीवाचून माशाचं हुमण जेव, आणि मग माझ्या अर्ध्यावर बोल."

दिगंबरने सुपातली सुपारी उगाच चाळली. गुरुदास खांबाला टेकून बसला होता. सुलक्षाने त्याच्याकडे पाहिलं. आपल्या बाजूने एखादं तरी वाक्य आज त्याने बोलावं, एवढीच तिची इच्छा होती.

"बघू," गुरुदास म्हणाला.

त्या 'बघू'ने तिचं डोकं फिरलं. भांडला असता तर परवडलं असतं. तिने दोन पातेली, एक चटई आणि चार कपडे उचलले आणि कुळागरातल्या मांगरात राहायला गेली. मांगर म्हणजे बागेतली अवजारं आणि नारळ ठेवायची कौलारू खोप. "लग्न नाही तर घर कसलं? इतकी वर्षं राबले त्याची मजुरी म्हणून इथे राहते," असं ती जाताना म्हणाली. मांगरात पोचल्यावर मात्र ती नारळांच्या ढिगाशेजारी बसून रडली. कुळागर जाणार म्हणून रडली आणि 'बघू'साठीही. त्याला जाऊन 'सही करा हो' म्हणावं असं एकदा मनात आलं, पण मागून मिळालेल्या सहीवर संसार करायचा हे काही तिला पटेना.

त्याऐवजी ती एकटीच एस्परांसबाईंकडे गेली.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "ते अर्धं आलं कुठून? खरंच राजाने दिलं का ते?"

बाईंनी उगमला विचारलं. पडद्यावर एक रेघ खाली खाली उतरत गेली. "ही १८६७ ची संहिता. त्याआधी राजाचे जुने हुकूम, पाचशे वर्षांपूर्वीचे. आणि त्याच्याही आधी..." त्या थांबल्या. "बघा, इथे राजा नाहीच. पोर्तुगालच्या काही भागांत शेतकऱ्यांची चाल होती. नवरा-बायको दोघं मिळून राबतात, तर मिळेल ते अर्धं-अर्धं. राजाने ती नुसती लिहून घेतली. कुणीतरी दोघांनी कधीतरी आपसांत ठरवलं असणार."

सुलक्षा ती रेघ बघत राहिली. कुठल्या तरी लांबच्या उतारावर, ऑलिव्हच्या झाडांत, आपल्यासारखीच एक बाई पदर खोचून उभी असेल, असं तिला वाटलं. पदर नसेल, पण काहीतरी खोचलेलं असेलच.

"उपयोग काय?" ती म्हणाली. "माझ्याकडे ते अर्धंही नाही आता."

एस्परांसबाई खुर्ची सरकवून जवळ आल्या. "बाय, तुमच्या हातात काय आलंय ते अजून तुम्हाला समजलेलं नाही. आमच्या कायद्यात लग्नाआधी करार करता येतो, काय कुणाचं, कसं वागायचं, सगळं. पण फक्त लग्नाआधी. एकदा दुसरी सही झाली की त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. आता सांगा, लग्नाआधी पोरीला नवरा काय कळतो? अटी तरी काय घालणार ती? माझं स्वतःचंच बघा. काय काय लिहून घ्यायला हवं होतं ते मला दहा वर्षांनी कळलं, आणि तोवर दार बंद. तुम्हाला नवरा आरपार ठाऊक आहे आणि दार अजून उघडं आहे! असं बाईमाणसाच्या वाट्याला येत नाही कधी."

सुलक्षाच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. मग ते मावळलं. "पण सही करायला हे तयार हवेत ना?"

"ते मात्र उगमला विचारू नका," एस्परांसबाई म्हणाल्या. "ते त्यालाही कळत नाही."

*

कंपनीचा माणूस येऊन गेला त्या संध्याकाळी गुरुदास मांगराच्या दारात उभा राहिला. सुलक्षा नारळ सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"मी सही केली नाही," तो म्हणाला.

कोयती थांबली.

"पेन हातात घेतलं होतं," गुरुदास म्हणाला. एवढं सलग बोलायची सवय नसल्यामुळे तो मधे मधे थांबत होता. "पण जमेना. मी विकू म्हणायचो, तू नाही म्हणायचीस. त्या तुझ्या 'नाही'च्या भरवशावरच मी 'विकू' म्हणत होतो गो. तुझं 'नाही' निघून गेलं आणि सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर आलं. मला घाम फुटला. दिगंबरला म्हटलं, जा बाबा तू." त्याने श्वास घेतला. "चल, उद्या जाऊन ती सही करून टाकू."

सुलक्षाला उठून त्याचा हात धरावासा वाटला. ती उठली नाही.

"अटी आहेत," ती म्हणाली.

"कसल्या?"

"आधी सांगा, विकायचं का होतं? खरं सांगा. बघू म्हणालात तर कोयती फेकून मारीन."

गुरुदास उंबऱ्यावर बसला. 

"थकलो," तो म्हणाला. "सकाळी खाली पाणी सोडायला जातो ना, वर येताना दोनदा बसावं लागतं. तुला दिसू नये म्हणून करमलाच्या झाडामागे बसतो. नारळ पाडायला पाडेली मिळत नाहीत, सुपारी काढायला माणूस नाही. वाटलं, बाग गेली की बसायला तरी मिळेल. चारचौघांसारखं, खुर्चीवर."

सुलक्षाने कोयती बाजूला ठेवली. करमलाचं झाड ती रोज बघत होती. त्याच्या मागे आपला नवरा धापा टाकत बसलेला असतो हे आपल्याला दिसलं नाही, आणि आपण बागेच्या प्रेमाच्या गप्पा मारतो, याची तिला लाज वाटली.

"हे एवढं बोलायला तुमचं काय जात होतं?"

"तू बागेत एवढी खूष. कसं बोलणार?"

मग दोघांनी वाटाघाटी केल्या. लग्न ठरवताना वडीलधारी मंडळी बैठक मारून करतात तशाच, फक्त इथे वर, वधू आणि दोन्हीकडची मंडळी सगळी मिळून दोघंच होती. तिने मागितलं, त्याने घासाघीस केली. त्याने मागितलं, तिने नाक मुरडलं आणि मान्य केलं. खालची सुपारीची बाग पावणीवर द्यायची ठरली, म्हणजे बोली लावून. झाडं यांची, राखण आणि काढणी घेणाऱ्याची. वरची परसबाग तेवढी हाताखाली ठेवायची. खुर्ची घ्यायची, दोन घ्यायच्या. आणि शेवटची अट सुलक्षाने सांगितली तेव्हा गुरुदासने ती दोनदा म्हणवून घेतली.

*

एस्परांसबाईंनी करार वाचायला घेतला आणि प्रत्येक कलमापाशी उगम आपली वंशावळ सांगू लागला. मिळकत अर्धी-अर्धी: शेतकऱ्यांची चाल, मग राजाचे हुकूम, मग संहिता. दोघांच्या सहीवाचून विक्री नाही: तेच घराणं. बाग पावणीवर देणं: इथल्या गावकऱ्यांची रीत, कुठल्याही राजाने हुकूम काढण्यापूर्वीची. नोटीस लावून थांबायचे दिवस: चर्चमध्ये रविवारी लग्नं पुकारायची पद्धत. गुरुदास तोंडात बोट घालून ऐकत होता. आपल्या एका संसारात इतक्या लोकांचा हात आहे, ही त्याला कल्पना नव्हती.

मग शेवटचं कलम आलं. 'दोघांपैकी जो थकेल त्याने थकलो असं स्पष्ट सांगावं. दुसऱ्याने त्या वेळी हातातलं काम ठेवून जवळ बसावं. तसं झाल्याशिवाय कुळागराविषयी कोणताही निर्णय घेऊ नये.'

यंत्राने बराच वेळ घेतला. पडदा रिकामाच राहिला. मग अक्षरं आली: उगम आढळला नाही.

"बिघडलं का?" सुलक्षाने विचारलं.

बाईंनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच. रोममध्ये नाही, लिस्बनमध्ये नाही, लंडनमध्ये नाही, धर्मशास्त्रात नाही, गावकीतही नाही. "कोर्टात हे टिकेल का, मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण लिहायला कुणाची बंदी नाही. मात्र उगमाचा रकाना रिकामा सोडता येत नाही."

"मग लिहा की," गुरुदास म्हणाला. "सुलक्षा, मुक्काम फणसूळ."

एस्परांसबाईंनी तसंच लिहिलं. सुलक्षाने घाईघाईने पदराने चष्मा पुसला.

जुनीची मुदत कधीच संपली होती, म्हणून पहिली सही नव्याने झाली. नोटीस फळ्यावर लागली आणि गावभर हसू झालं. वयस्क वधूवरांच्या दारात आंब्याची डहाळी बांधून गेलेले लोक होते, 'जेवणावळ कधी?' म्हणून विचारणारे होते. लिस्बनहून मुलाने विचारलं की लग्नाला त्याला बोलावणं आहे की नाही. हरकत कुणीच घेतली नाही. दिगंबर काही दिवस फुगून बसला, आणि मग साक्षीदार म्हणून स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला.

या वेळी कार्यालय उघडं होतं. गुरुदासने दुसरी सही केली. सुलक्षाने केली. एस्परांसबाईंनी शिक्का मारला आणि उठून दोघांशी हात मिळवले. "देव बरें करूं," सुलक्षा आभार मानत म्हणाली. दिगंबरने गाडी आणायला जातो म्हणून पळ काढला.

दोघं जिना उतरू लागली. सुलक्षाच्या डोक्यात पुढची कामं सुरू झाली होती. पावणीवाल्या पोरांना बोलवायचं होतं, मांगरातली पातेली परत न्यायची होती, जायफळं वाळत घालायची होती. गुरुदास तिच्या मागे सावकाश उतरत होता, आणि तो आता थकलो म्हणेल म्हणून ती कान देऊन होती. पहिल्याच दिवशी अट पाळून दाखवायची, असं तिने ठरवलं होतं.

जिन्याच्या मधल्या वळणावर तिचे पाय थांबले. गुडघा दुखत होता. आज नव्हे, कितीतरी दिवस दुखत होता, आणि तो दुखतो हे तिने स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बाग नको म्हणतील, म्हातारी झालीस म्हणतील, म्हणून.

"अहो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मी थकलेय."

गुरुदासने हातातली पिशवी खाली ठेवली. तो पायरीवर बसला आणि शेजारची जागा हाताने झटकून दिली. ती बसली. खाली दिगंबर गाडीचा हॉर्न वाजवत होता, वर कुणाची तरी पहिली सही चालली होती, आणि येणारी-जाणारी माणसं त्या दोघांना वळसा घालून जात होती.